शुक्रवारी दिलेला निकाल



२५ फेब्रुवारी २०२२ च्या ‘दैनिक भास्कर’मध्ये जयप्रकाश चौकसे यांनी वाचकांचा निरोप घेतला. ‘परदे के पीछे’ हे त्यांचे सदर सव्वीस वर्षे चालले होते. आजाराने शरीर थकले होते. पुन्हा कधी काही सुचले तर भेटू, पण तशी आशा उरलेली नाही, असे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आठवडाही झाला नाही तोच, २ मार्चला, इंदूरमध्ये ते गेले. रायपूरमध्ये सकाळचा चहा घेताना हे सदर वाचणारी कितीतरी घरे होती. त्यांत बूढापारा आणि तात्यापाऱ्यातली मराठी घरेही होती. एखादा घरचा वडीलधारा माणूस गेल्यासारखे त्या दिवशी अनेकांना वाटले.

चौकसे बऱ्हाणपूरचे. जन्म १९३९ चा. तापीकाठच्या त्या गावात हिंदीच्या जोडीला मराठी आजही कानावर पडते. त्यांनी प्राध्यापकी केली, इंदुरात चित्रपट वितरणाचा धंदा केला, ‘शायद’ (१९७९) सारख्या चित्रपटाचे लेखन केले आणि राज कपूर यांच्या निर्मितीप्रक्रियेवर पुस्तक लिहिले. त्यांचे सदर म्हणजे नव्या चित्रपटाला तारे वाटून मोकळे होणारे परीक्षण नव्हते. सुरुवात व्हायची आजच्या एखाद्या बातमीने, आणि चार परिच्छेदांत वाचक जाऊन पोहोचायचा बिमल रॉय, शैलेंद्र, गुरुदत्त किंवा राज कपूर यांच्याकडे. १९९० नंतर जन्मलेल्या रायपूरच्या मुलाने ‘तीसरी कसम’ पडद्यावर पाहण्याआधी या सदरात वाचला असण्याची शक्यता मोठी आहे.

‘तीसरी कसम’ १९६६ चा. फणीश्वरनाथ रेणूंची कथा, बासू भट्टाचार्यांचे दिग्दर्शन, सुब्रत मित्रांचे छायाचित्रण आणि निर्माता म्हणून गीतकार शैलेंद्र. त्यातल्या बैलगाडीच्या प्रवासाचे बरेचसे चित्रीकरण मध्य प्रदेशात, बीनाच्या परिसरात झाले. तिकीटबारीवर चित्रपट पडला आणि शैलेंद्र कर्जात बुडाले. १४ डिसेंबर १९६६ रोजी, नेमक्या राज कपूर यांच्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. पुढे याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. हा इतिहास कोणीही सांगू शकतो. चौकसे त्यात वितरकाचे ज्ञान घालत. चित्रपट कसा विकला जातो, कोणत्या प्रांतात तो कोणी घेतला नाही आणि पहिल्या आठवड्यात थिएटर का मिळाले नाही, हे त्यांना धंद्यातून ठाऊक होते. चित्रपट ‘पडतो’ म्हणजे नेमके काय होते, हे त्यांच्या वाचकाला कळायचे.

दोष होतेच. तोच किस्सा वर्षभरात दोनदा-तीनदा यायचा. राज कपूर यांचा विषय निघाला की समीक्षकाची जागा प्रेम घ्यायचे. ऐकीव आणि पडताळलेले यांच्यातली रेषा पुसट व्हायची. तरीही प्रस्तुत वक्त्याच्या मते मध्य भारतात जुन्या चित्रपटाविषयी रोज, सामान्य वाचकासाठी, इतक्या आस्थेने दुसऱ्या कोणी लिहिले नाही.

मात्र आजच्या व्याख्यानाचा विषय चौकसे यांच्या पलीकडचा आहे. जुन्या चित्रपटावर समीक्षकाची मते दोन वेळा उमटतात. एकदा तो प्रदर्शित होतो त्या आठवड्यात आणि पुन्हा वीस, तीस, पन्नास वर्षांनी. दुसऱ्या वेळचे मत छापून पुस्तकात जाते. पहिले रद्दीत जाते. त्यामुळे जुन्या चित्रपटांविषयी आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा उशिरा झालेल्या मतांवर आधारलेले असते, आणि त्या काळच्या समीक्षकाला आपण सरसकट आंधळा ठरवून टाकतो.

‘शोले’चे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९७५ ला तो प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. ‘इंडिया टुडे’त के. एल. अमलाडी यांनी त्याची संभावना विझलेला निखारा अशी केली. ‘फिल्मफेअर’मध्ये बिक्रम सिंग यांचा आक्षेप असा होता की पाश्चात्त्य वेस्टर्नचे हे रोप इथल्या मातीत धरत नाही आणि चित्रपट ना इकडचा राहतो ना तिकडचा. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. तेव्हापासून अमलाडींचे ते वाक्य समीक्षकांच्या फजितीचा दाखला म्हणून फिरवले जाते.

हा अन्याय आहे. आठवड्याच्या समीक्षकाला चित्रपट बघायला मिळतो तो एकदाच, बहुधा पत्रकारांसाठी ठेवलेल्या खेळात. जागा ठरलेली, मजकूर देण्याची वेळ ठरलेली. शेजारी बसलेले दहा-पंधरा जण वही उघडून. पिटातल्या प्रेक्षकाने गब्बरचे संवाद पाठ करायला अजून दोन-तीन आठवडे असतात. संवादांच्या ध्वनिमुद्रिका तर त्याहून नंतर घरोघरी पोहोचल्या. समीक्षक जे पाहत होता त्यात हे काहीच नव्हते. शिवाय तो पाहत होता तो चित्रपटही जसा बनला होता तसा नव्हता. सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदलला होता. ठाकूर गब्बरला मारतो तो प्रसंग काढून पोलीस येतात असे करण्यात आले होते. मूळ शेवट असलेली, नव्याने दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे १९७५ चा समीक्षक आणि २०२५ चा समीक्षक एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या चित्रपटांविषयी बोलत आहेत. (जाता जाता एक नोंद करायलाच हवी. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला मिळालेला एकमेव पुरस्कार संकलनाचा होता आणि तो मिळवणारे एम. एस. शिंदे हे मराठी होते.)

समीक्षकाने आपले मत बदलावे का? अमेरिकेत १९६७ च्या ऑगस्टमध्ये याचा धडाच घालून दिला गेला. ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटावर ‘न्यूज़वीक’चे जो मॉर्गनस्टर्न यांनी सडकून टीका केली. मग ते साध्या प्रेक्षकांबरोबर तोच चित्रपट पुन्हा पाहायला गेले, आणि पुढच्याच अंकात आपण चुकलो असे सांगून त्यांनी नवे परीक्षण लिहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर मात्र आपल्या निषेधावर ठाम राहिले, पुन्हा पुन्हा त्या चित्रपटावर तुटून पडले आणि वर्ष सरता सरता त्यांची समीक्षकपदाची कारकीर्द संपली. हे तेच क्राउदर, ज्यांनी १९५८ मध्ये ‘पाथेर पांचाली’ पाहून असे म्हटले होते की इतक्या सैल बांधणीचा चित्रपट हॉलिवूडच्या संकलकांनी कच्ची जुळणी म्हणूनही जेमतेम पसंत केला असता. आपल्याकडे एवढेच वाक्य उद्धृत होते. त्याच परीक्षणात त्यांनी हेही लिहिले होते की चित्रपटातली दृश्ये हळूहळू मनात साचत जातात आणि त्यांचे सौंदर्य उशिरा उमगते. पहिले वाक्य निकालाचे होते आणि ते कोसळले. दुसरे पाहण्याचे होते, ते आजही खरे आहे. न्यूयॉर्कच्या एका छोट्या थिएटरात ‘पाथेर पांचाली’ सुमारे आठ महिने चालला.

मराठी समीक्षेत अशा फेरविचाराचे सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे ‘कागज़ के फूल’. १९५९ चा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. प्रेक्षकांनी नाकारला आणि समीक्षकांनाही तो झेपला नाही. यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटावर लावले नाही. १९६४ मध्ये तो गेला. १९८५ मध्ये अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक आले आणि त्याला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

खोपकरांनी वेगळे काय केले? ‘त्या काळी लोकांना कळले नाही’ असे म्हणत ते हळहळत बसले नाहीत. ते चित्रपटाशेजारी बसले. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा केव्हा पुढे सरकतो, माणूस चौकटीत कुठे उभा आहे, हे त्यांनी तपासले. स्टुडिओतला तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. रिकाम्या, अंधाऱ्या चित्रीकरणगृहात वरून उन्हाचा एक जाड झोत उतरतो आणि दोन माणसे त्याच्या दोन बाजूंना उभी असतात. व्ही. के. मूर्तींनी हे दिव्यांनी केलेले नाही. बाहेर मोठा आरसा ठेवून सूर्यप्रकाश आत वळवला, आतल्या उंचीवर बसवलेल्या दुसऱ्या आरशाने तो खाली पाडला आणि हवेत धूर सोडून त्या झोताला अंग दिले. यासाठी मूर्तींना त्या वर्षीचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. म्हणजे चित्रपट कोसळला त्याच वर्षी त्याची ताकद कोणाच्यातरी डोळ्याला दिसली होती. आठवड्याच्या समीक्षकाला ती दिसली नाही असे नाही. त्याने कथेला तराजूत घातले आणि प्रकाशासाठी एक ओळ ठेवली. खोपकरांनी त्या एका ओळीचे पुस्तक केले.

आता रायपूरकडे येऊ.

चित्रपटधंद्याच्या नकाशावर छत्तीसगड हा ‘सी. पी. बेरार’ सर्किटचा भाग. राज्ये बदलली, प्रांत मोडले, पण वितरकांच्या वह्यांत ब्रिटिश काळातले ते नाव तसेच राहिले. या सर्किटचा कारभार अमरावती, भुसावळ, नागपूर अशा ठिकाणांहून चालायचा. मोठ्या चित्रपटाच्या प्रतीही मोजक्याच निघत. आधी मोठी शहरे, मग दुसऱ्या फळीची. रायपूरच्या श्याम किंवा बाबूलाल टॉकीजमध्ये चित्रपट लागेपर्यंत त्याच्याविषयीचे मत मुंबई-नागपूरच्या वर्तमानपत्रांतून इथे येऊन शिळे झालेले असायचे. रायपूरच्या प्रेक्षकाने परीक्षण आधी वाचले आणि चित्रपट नंतर पाहिला.

पाहिला तोही कोणता? ‘मेरा नाम जोकर’ डिसेंबर १९७० मध्ये आला तेव्हा चार तासांहून मोठा होता, त्याला दोन मध्यंतरे होती. तो आपटल्यावर कापला गेला आणि वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरू लागल्या. शंभर ठिकाणी धावून आलेल्या प्रतीवर ओरखडे, रिळाच्या टोकाला गायब झालेल्या चौकटी, कधी एखादे गाणेच नाही. मुंबईच्या समीक्षकाने ‘लांबण लागली आहे’ असे लिहिले असेल आणि इथल्या प्रेक्षकाला चित्रपट तुटक वाटला असेल, तर दोघेही खरेच सांगत होते. म्हणून जुन्या परीक्षणासोबत तारीख, गाव, थिएटर आणि प्रत हे चारही तपशील असावेत असा आग्रह धरायला हवा. त्यांच्याविना ते मत अधांतरी लटकते.

जागा बदलली की कानही बदलतो. दुर्गमध्ये जन्मलेल्या किशोर साहूंनी १९४८ मध्ये ‘नदिया के पार’ दिग्दर्शित केला. दिलीपकुमार आणि कामिनी कौशल यांच्या या चित्रपटात छत्तीसगढी बोलीचा वापर होता. मुंबईच्या समीक्षकाला ती खेडवळ हिंदी वाटली असणार. शिवनाथ आणि महानदीच्या काठच्या प्रेक्षकाला मात्र पडद्यावरून घरचा माणूस बोलतो आहे असे वाटले असणार. त्या एका चित्रपटाची दोन परीक्षणे हवी होती. रायपूरचेच हबीब तनवीर तेव्हा मुंबईत होते आणि चित्रपटविषयक नियतकालिकांत काम करत, परीक्षणे लिहीत होते. छत्तीसगढीचा कान असलेला समीक्षक मुंबईत होता, हे ध्यानात ठेवावे असे आहे. पुढे त्यांच्याच ‘चरणदास चोर’ या नाटकावर श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये चित्रपट केला, त्यात नाचा या लोकनाट्याच्या कलावंतांसोबत स्मिता पाटील होती.

यापेक्षा मोठा प्रश्न ‘कहि देबे संदेस’चा आहे. एप्रिल १९६५ मध्ये प्रदर्शित झालेला हा पहिला छत्तीसगढी चित्रपट. दिग्दर्शक-निर्माते मनु नायक रायपूरजवळच्या कुर्रा गावचे. मुंबईत महेश कौल यांच्या ‘अनुपम चित्र’ संस्थेत ते नोकरी करत. भोजपुरी ‘गंगा मैया तोहे पियरी चढ़ैबो’ने १९६३ मध्ये मिळवलेले यश पाहून त्यांनी हे धाडस केले. पलारी गावात चित्रीकरण झाले. संगीत मलय चक्रवर्ती यांचे. गीते डॉ. हनुमंत नायडू यांची, आणि हे नायडू नागपुरातले प्राध्यापक. गायला महंमद रफी आले. पैशाची इतकी ओढाताण असलेल्या एका बोलीच्या चित्रपटासाठी रफी गायले, ही गोष्ट छत्तीसगडात आजही अभिमानाने सांगितली जाते.

कथा ब्राह्मण आणि सतनामी घरांतल्या प्रेमाची. सतनामी पंथ स्थापणाऱ्या गुरू घासीदासांच्या या भूमीत ते दाखवणे म्हणजे जळता निखारा हातात घेणे होते. विरोध उसळला. थिएटरला धमक्या आल्या आणि पोस्टर उतरवावे लागले. केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या इंदिरा गांधींनी चित्रपटाचा काही भाग पाहिला आणि तो राष्ट्रीय एकतेला पोषक असल्याचे सांगितले, तेव्हा वारे फिरले. त्यानंतर चित्रपटाला करमाफीही मिळाली.

इथपर्यंतची हकीकत छत्तीसगढी चित्रपटाविषयीच्या प्रत्येक लेखात येते. खटकते ते हे की बहुतेक लेख इथेच थांबतात. वाद सांगितला जातो, रफी सांगितले जातात आणि चित्रपट राहूनच जातो. शहरात वाढलेल्या नटांच्या तोंडी छत्तीसगढी कशी बसली? मुंबईच्या चित्रपटाचा साचा किती उसना घेतला आणि कुठे मोडला? पलारीची तळी आणि गल्ल्या कृष्णधवल चित्रफितीवर कशा उतरल्या? हे सांगणे समीक्षकाचे काम आहे आणि मंत्र्याच्या शिफारशीने ते काम होत नाही. १९६५ मध्ये रायपुरात वर्तमानपत्रे होती. मायाराम सुरजन यांनी १९५९ मध्ये सुरू केलेले, पुढे ‘देशबंधु’ या नावाने ओळखले गेलेले दैनिक होते, ‘नवभारत’ची आवृत्ती होती. तिकिटाच्या रांगेतली कुजबुज, पहिल्या खेळाची गर्दी आणि दुसऱ्या दिवशीचे परीक्षण हे सगळे या कागदांवर उमटायचे ते दिवस होते.

त्यानंतर ‘घर द्वार’ आला १९७१ मध्ये. मग जवळपास तीस वर्षे सामसूम. २००० च्या ऑक्टोबरमध्ये, राज्य स्थापन होण्याच्या काही दिवस आधी, सतीश जैन यांचा ‘मोर छइहां भुइयां’ आला आणि बाबूलाल टॉकीजपुढे महिनोन् महिने गर्दी लोटली. ते यश कौतुकाचेच होते. पण चित्रपट किती चालला हे सांगण्यात समीक्षा संपली, ही सवय तिथूनच पक्की झाली असे या वक्त्याचे स्पष्ट मत आहे.

परीक्षणे जपली गेली की काय होते हे कळण्यासाठी बाबूराव पटेलांकडे बघावे. पालघरजवळच्या मासवणचा हा मराठी माणूस. १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले आणि आपल्या जहरी लेखणीने नटनट्यांची झोप उडवली. मंटोने त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला आहे. पुढे १९६७ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेवर गेले. त्यांची अनेक मते पूर्वग्रहाने भरलेली होती आणि व्यक्तिगत हल्ल्यांचे समर्थन कोणी करू नये. पण ‘फिल्मइंडिया’चे अंक टिकले. त्यांची छायाप्रत आज संगणकावर कोणालाही उघडता येते. म्हणून बाबूरावांशी आजही भांडता येते. त्यांनी ज्या चित्रपटाला झोडपले तो चित्रपट आणि त्यांचे वाक्य शेजारी ठेवून कोण कुठे चुकले हे पाहता येते. त्याच काळात ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटांवर लिहीत होते. प्रभातचा ‘आदमी’, म्हणजे आपला ‘माणूस’, त्यांनी डोक्यावर घेतला होता. हाच समीक्षक पुढे ‘आवारा’, ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘बॉबी’ लिहिणारा झाला. त्याची परीक्षणे आणि त्याच्या पटकथा एकत्र वाचल्या तर त्याने चित्रपटात काय शोधले ते स्वच्छ दिसते.

रायपूरच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. हिंदीतली नियमित पुस्तक-परीक्षणे या भूमीत रुजवली ती ‘छत्तीसगढ़ मित्र’ने. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून निघालेल्या या मासिकाचे संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक होते वामनराव लाखे. तिघेही मराठी. लाखे नगर आणि सप्रे शाळा ही नावे आपण रोज घेतो. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले, पण त्यातली समालोचने हिंदी समीक्षेच्या इतिहासात नोंदली गेली, कारण अंक जपले गेले. सप्र्यांनी एखाद्या पुस्तकाविषयी काय म्हटले हे आज तपासता येते. ते चुकले असतील तर तेही दाखवता येते.

चित्रपटाच्या परीक्षणाला हाच मान का मिळू नये? १९६५ मध्ये रायपूरच्या समीक्षकाने पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाविषयी लिहिलेल्या दहा ओळी नंतरच्या दहा गौरवलेखांपेक्षा मोलाच्या आहेत. त्या चुकीच्या असल्या तरी मोलाच्या आहेत, कारण त्या त्याच आठवड्यात, त्याच थिएटरात, त्याच प्रतीसमोर बसून लिहिल्या गेल्या.

म्हणून शेवटी एक विनंती. इथे बसलेल्या अनेकांच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, आई-वडिलांनी जपलेल्या चित्रपटांच्या कात्रणांच्या वह्या आहेत, गाण्यांच्या चोपड्या आणि टॉकीजची हँडबिले आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीवाल्याला देऊ नका. प्रत्येक कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा, चित्रपट कुठे पाहिला ते घरातल्या ज्येष्ठांना विचारून त्याखाली नोंदवा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाने ती गोळा करण्याची जबाबदारी उचलावी. आणि ज्यांना ती कायमची सुरक्षित राहावीत असे वाटते, त्यांच्यासाठी भोपाळमध्ये १९८४ पासून एक वर्तमानपत्र संग्रहालय उभे आहे. त्याला नाव माधवराव सप्र्यांचेच आहे.